घटक ४ : चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी – एक चरित्रपर परिचय

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या जीवनातील व कलानिर्मितीतील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• दृष्टिदोष, अंधत्व आणि कलानिर्मिती यांचा त्यांच्या बाबतीतील संबंध स्पष्ट करता येईल.
• अपंग व्यक्तीचे चरित्र लिहिताना भाषेचा वापर कसा होतो, याचा चिकित्सक विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हणजे व्यक्तीच्या आयुष्यातील घटनांची केवळ जंत्री नव्हे, हे आपण मागील घटकात पाहिले. कोणती घटना कोणत्या घटनेशी जोडायची, हे चरित्रकार ठरवत असतो. ही जोडणी तो शब्दांनीच करतो, आणि कधी कधी एखादा लहानसा शब्द संपूर्ण चरित्राचा अर्थ बदलून टाकतो.

'असूनही' हा असाच एक शब्द आहे. 'असून' हे धातुसाधित आणि त्याला जोडलेले 'ही' हे अव्यय. अपंग कलावंताविषयी मराठीत लिहिताना हा शब्द आपल्या लेखणीतून सहज उतरतो. अमुक व्यक्ती अंध असूनही चित्रकार झाली, असे आपण लिहितो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, हेतूही गौरवाचाच आहे. परंतु या रचनेत अपंगत्व एका बाजूला आणि कला दुसऱ्या बाजूला उभी राहते, आणि त्या दोहोंत वैर आहे, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत घटकात आपण ज्या चित्रकाराचा परिचय करून घेणार आहोत, त्यांचे आयुष्य हे गृहीतक तपासून पाहायला लावते. म्हणून हे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनाशी बाळगा : या माणसाच्या बाबतीत 'असूनही' हा शब्द खरोखर कोठे बसतो?

त्यांच्या नावाविषयी प्रथमच एक खुलासा करणे योग्य ठरेल. मराठीत हे नाव 'विनोदबिहारी' असेही लिहिले जाते. बंगालीत 'व' या अक्षराचा उच्चार सामान्यतः 'ब' असा होत असल्याने येथे मूळ उच्चाराला जवळचे 'बिनोदबिहारी' हे रूप स्वीकारले आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण आणि शिक्षण

बिनोदबिहारींचा जन्म ७ फेब्रुवारी १९०४ रोजी कोलकात्याच्या बेहाला भागात झाला. बालपणापासून त्यांचा एक डोळा दृष्टिहीन होता आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टी अत्यंत अधू होती. त्या डोळ्याने त्यांना अगदी जवळचेच स्पष्ट दिसे, दूरचे जग धूसर राही. फळ्यावरचे वाचून उतरवून घेण्यावर ज्या शिक्षणाची सारी भिस्त असते, तेथे अशा मुलाचा निभाव लागणे कठीणच होते. १९१७ मध्ये त्यांना शांतिनिकेतनातील रवींद्रनाथ ठाकूर यांच्या विद्यालयात पाठविण्यात आले. तेथील वर्ग झाडांखाली भरत आणि विद्यार्थ्याच्या वृत्तीला बऱ्यापैकी मोकळीक असे.

१९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवनाची स्थापना झाली आणि तेथील अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत बिनोदबिहारींचा समावेश झाला. नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. ज्याला नीट दिसत नाही, अशा मुलाने चित्रकला शिकावी काय, अशी शंका नंदलालबाबूंच्या मनात आली आणि त्यांनी ती रवींद्रनाथांपुढे मांडली. मुलगा नियमितपणे वर्गात बसत असेल आणि मन लावून काम करीत असेल, तर त्याच्या भवितव्याची चिंता इतरांनी करू नये, त्याला त्याची वाट शोधू द्यावी, अशा आशयाचा सल्ला रवींद्रनाथांनी दिला.

हा प्रसंग आपण नीट लक्षात घ्यावा. नंदलालबाबूंची शंका निर्दयपणाची नव्हती, ती एका जबाबदार शिक्षकाची काळजी होती. परंतु काळजीपोटीदेखील एखाद्याचा मार्ग त्याच्या वतीने बंद केला जाऊ शकतो. रवींद्रनाथांच्या उत्तरात सवलत नव्हती, यशाची हमीही नव्हती. निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहावा, एवढेच त्यात होते. पुढील काळात नंदलाल बोस यांनीही या शिष्यावर मोठा विश्वास टाकला. १९२५ मध्ये बिनोदबिहारी कलाभवनातच अध्यापक झाले.

४.२.२ जवळून पाहण्याची रीत

शांतिनिकेतन बीरभूम जिल्ह्यात आहे. पावसाच्या पाण्याने झिजलेली, घळी पडलेली तांबड्या मातीची माळराने ही या परिसराची ओळख आहे. स्थानिक लोक या भूमीला 'खोआई' म्हणतात. ताडाची एकाकी झाडे, कोपाई नदी, संथाळांच्या वस्त्या आणि दूरवर पसरलेले मोकळे आकाश यांनी बिनोदबिहारींची सुरुवातीची चित्रे व्यापली आहेत. त्या काळी बंगालमधील अनेक चित्रकार पुराणकथा आणि इतिहास यांतून विषय निवडत. बिनोदबिहारींनी मात्र डोळ्यांसमोरचा साधा परिसर निवडला.

ज्याला दूरचे दिसत नाही, तो निसर्गचित्रे कशी काढतो, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या पद्धतीत शोधावे लागते. एका जागी उभे राहून संपूर्ण दृश्य एका नजरेत सामावून घेणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा ते त्या भूमीवर हिंडत, तुकड्यातुकड्याने तिचा अनुभव घेत आणि ते तुकडे मनात जोडत. लांबच लांब आडव्या पट्टचित्रांचे, म्हणजे गुंडाळीच्या चित्रांचे, त्यांना आकर्षण होते, यातही एक संगती दिसते. असे चित्र एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे नसते. ते हातांनी उलगडत, जवळ धरून, पुढे सरकत पाहावयाचे असते. चीन आणि जपान या देशांतील चित्रपरंपरेत हा प्रकार मुरलेला होता. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बिनोदबिहारी जपानला गेले आणि तेथील चित्रकला व सुलेखन यांचा त्यांनी जवळून अभ्यास केला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अधू दृष्टीमुळेच ते मोठे चित्रकार झाले, असा निष्कर्ष काढणे 'असूनही' इतकेच फसवे ठरेल. अधू दृष्टीची माणसे पुष्कळ असतात. त्या दृष्टीतून पाहण्याची एक शिस्तबद्ध रीत घडविणे ही बिनोदबिहारींची स्वतःची कमाई होती.

४.२.३ भित्तिचित्रे

१९४० ते १९४७ हा त्यांच्या भित्तिचित्रांचा काळ होय. १९४० मध्ये त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहातील एका छतावर बीरभूमच्या ग्रामजीवनाचे चित्र रंगविले. मध्यभागी तळे आणि त्याच्या सभोवती झाडे, घरे, माणसे, गुरे अशी त्याची मांडणी आहे. या चित्राला वरची आणि खालची अशी ठरलेली बाजू नाही. पाहणाऱ्याने मान वर करून, जागा बदलत ते पाहावे लागते. १९४२ मध्ये त्यांनी चीना भवनात आश्रमातील दैनंदिन जीवनावर आधारित भित्तिचित्र केले.

त्यानंतर १९४६-४७ मध्ये हिंदी भवनातील मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील भित्तिचित्र साकार झाले. भारतीय आधुनिक कलेतील एक श्रेष्ठ कृती म्हणून ते ओळखले जाते. दालनाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागावर हे चित्र पसरले आहे. रामानुज, कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग अशा संतांच्या आकृती त्यात दिसतात. त्यांच्या भोवती विणकर, कारागीर, यात्रेकरू, स्त्रिया व मुले यांची दाटी आहे. उंच, सडपातळ आकृती आणि त्यांमधून नदीसारखा वाहणारा लोकजीवनाचा ओघ हे या चित्राचे वैशिष्ट्य आहे. वारकरी संतांच्या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला संत आणि श्रमिक यांचे हे साहचर्य सहज ओळखीचे वाटेल. परंपरेने अंध मानलेल्या सूरदासांची आकृती ज्या हाताने रेखाटली, त्या हाताच्या धन्याचीही दृष्टी दहा वर्षांनी जाणार होती. हा योगायोग मनाला स्पर्श करतो, परंतु त्याला भाकिताचे रूप देऊ नये.

या चित्राचे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे. ते ओल्या गिलाव्यावर केलेले चित्र आहे. या पद्धतीत भिंतीवर चुन्याचा ओला गिलावा दिला जातो आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावले जातात. गिलावा वाळताना चुन्याचा हवेतील कर्बवायूशी संयोग होतो आणि रंगाचे कण त्या थरात कायमचे बद्ध होतात. एका दिवसात जेवढा भाग रंगवून होईल, तेवढाच गिलावा द्यावयाचा असतो. एकदा तो वाळला की, चूक दुरुस्त करावयाची झाल्यास तो भाग खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून अनेक चित्रकार प्रथम भिंतीच्या आकाराचा पूर्ण आराखडा कागदावर तयार करून तो भिंतीवर उतरवून घेतात. बिनोदबिहारींनी असा पूर्णाकृती आराखडा केला नाही. लहान आकाराची रेखाटने करून ते थेट भिंतीवर काम करीत गेले.

आता कल्पना करा. परांचीवर चढलेला हा चित्रकार भिंतीच्या अगदी जवळ उभा आहे. त्याला हातासमोरचा थोडासा भाग तेवढा स्पष्ट दिसतो. दूर जाऊन संपूर्ण भिंत न्याहाळण्याचा त्याला फारसा उपयोग नाही. तरीही तीन भिंतींवरील शेकडो आकृतींचा तोल ढळत नाही. याचा अर्थ असा की, संपूर्ण चित्र त्याच्या मनात उभे होते आणि अंतराचे माप त्याच्या हाताला, खांद्याला, पावलांना ठाऊक होते. डोळा हा या कामातील एक साक्षीदार होता, एकमेव नव्हे.

या कामात त्यांना विद्यार्थ्यांचे साहाय्य होते. पुढे बडोद्याच्या कलाशिक्षणात आणि भारतीय कलाविश्वात मोठे नाव झालेले के. जी. सुब्रमण्यन आणि बिनोदबिहारींच्या पत्नी, शिल्पकार लीला मुखर्जी, हे त्या साहाय्यकांत होते. ही बाब ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

४.२.४ स्थलांतर आणि दृष्टिनाश

१९४०च्या दशकाच्या अखेरीस बिनोदबिहारींनी शांतिनिकेतन सोडले आणि काठमांडू येथील वस्तुसंग्रहालयाची जबाबदारी स्वीकारली. १९४९ मध्ये मुंबईत त्यांच्या कन्येचा जन्म झाला. तागासारख्या धाग्यांच्या गाठी मारून भव्य शिल्पे घडविणाऱ्या प्रख्यात शिल्पकार मृणालिनी मुखर्जी त्या याच. नेपाळनंतर बिनोदबिहारींनी राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठात अध्यापन केले. पुढे मसुरी येथे पतिपत्नींनी कलाशिक्षणाचे एक लहानसे केंद्र चालविले आणि त्यानंतर काही काळ त्यांनी पाटण्यात काम केले.

१९५६-५७च्या सुमारास त्यांच्या उरलेल्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती अयशस्वी ठरली आणि त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

ही हानी लहान होती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. खोआईची तांबडी माती, तळ्यावरचा प्रकाश, रंगांच्या छटांमधील सूक्ष्म भेद हे सारे आता स्मरणापुरते उरले. ओल्या गिलाव्यावर ज्या गतीने त्यांचा कुंचला चाले, ते काम आता संपले होते. त्यांच्या पुढील निर्मितीत निसर्ग मागे सरला आणि मानवाकृती हाच प्रमुख विषय राहिला. अंधत्वाने त्यांच्याकडून काय काढून घेतले, हे चरित्रकाराने स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. तरच पुढे जे राहिले, त्याचे मोल कळते.

४.२.५ अंधत्वानंतरची निर्मिती

लवकरच ते कलाभवनात परतले आणि कलेचा इतिहास शिकवू लागले. जी चित्रे आता दिसत नव्हती, ती त्यांच्या स्मरणात इतकी स्पष्ट होती की, त्यांची रचना ते विद्यार्थ्यांना समजावून देऊ शकत. त्याचबरोबर त्यांची स्वतःची निर्मितीही चालू राहिली. कागदावर ते रेखाटने करीत. मेणासारख्या मऊ माध्यमात लहान आकृती घडवीत. शिलामुद्रणाच्या तंत्रानेही त्यांनी चित्रे केली.

रंगीत कागदांची चिकटचित्रे हे या काळातील त्यांचे विशेष माध्यम होय. कागद दुमडला की घडीची कड बोटांना कळते. तो कापला की आकृतीची बाह्यरेषा हाताला लागते. एका कागदावर दुसरा ठेवला की कोणता आकार कोठे संपतो, हे चाचपून पाहता येते. कोणता कागद कोणत्या रंगाचा, एवढे मात्र विचारावे लागे. रंगांची नावे कानावर पडली की, त्यांच्या शेजारून काय परिणाम साधेल, हे ते स्मरणाच्या बळावर ठरवीत. या चित्रांतील आकृती थोडक्या, ठसठशीत आणि कित्येकदा खेळकर आहेत. त्यांत विलापाचा सूर नाही.

१९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर भाजलेल्या मातीच्या फरश्यांचे मोठे भित्तिचित्र सिद्ध केले. कागदाच्या आकृतींमधून जे त्यांनी कमावले होते, तेच येथे भिंतीच्या आकाराला पोचले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी 'द इनर आय' हा त्यांच्यावरील लघुपट पूर्ण केला. राय हे १९४०च्या सुमारास कलाभवनात त्यांचे विद्यार्थी होते. त्या लघुपटात भिंतीचे हे काम करणारे बिनोदबिहारी आपल्याला पाहता येतात.

याच काळात ते बंगालीत लेखनही करू लागले. स्वतः लिहिणे शक्य नसल्याने ते मजकूर सांगून लिहवून घेत. 'चित्रकर' हे त्यांचे आत्मकथन आणि 'कत्तामशाय' हे अंधाच्या जगाविषयीचे लेखन बंगाली गद्यात महत्त्वाचे मानले जाते. 'चित्रकर'चा इंग्रजी अनुवाद पुढे सुब्रमण्यन यांनी केला. १९७४ मध्ये भारत सरकारने बिनोदबिहारींना पद्मविभूषण या सन्मानाने गौरविले. ११ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

४.२.६ साहाय्य आणि स्वातंत्र्य

आता मघाचा मुद्दा पुन्हा घेऊ. अंधत्वानंतर बिनोदबिहारींना रंग सांगणारा, फरशी हातात देणारा, मजकूर उतरवून घेणारा माणूस लागे. मग त्यांना स्वतंत्र कलावंत म्हणावे काय? ही शंका वरवर रास्त वाटते. परंतु हिंदी भवनाच्या वेळीही गिलावा देणारे, रंग कालवणारे, परांची बांधणारे हात होतेच. डोळस चित्रकाराच्या भिंतीमागेही नेहमीच अनेक हात असतात. त्यांचे साहाय्य आपण कामाची व्यवस्था मानतो आणि अंध चित्रकाराला मिळालेल्या साहाय्याला मात्र परावलंबन म्हणतो. फरक साहाय्यात नाही, आपल्या शब्दांत आहे.

कोणाचीही मदत न लागणे ही स्वातंत्र्याची कसोटी मानली, तर जगात कोणीही स्वतंत्र ठरणार नाही. रेषा कोठे वळावी, कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी बसावा, काम कोठे थांबवावे, हा निर्णय कोणाचा होता, हे पाहिले पाहिजे. बिनोदबिहारींच्या बाबतीत तो अखेरपर्यंत त्यांचाच होता. १९१९ नंतरच्या त्या सल्ल्यात त्यांना जे मिळाले, तेच त्यांनी पुढील साठ वर्षे सांभाळले.

याची दुसरी बाजूही आहे. अंध माणसाने केले म्हणून कौतुक करणे हाही त्याचे स्वातंत्र्य नाकारण्याचाच एक सौम्य प्रकार आहे. अशा कौतुकात चित्र पाहिलेच जात नाही. त्यांच्या चिकटचित्रांची चिकित्सा आपण इतर कोणत्याही चित्रांप्रमाणे करावी. रचना कोठे साधली आणि कोठे फसली, हे सांगावे. कलावंताचा खरा आदर तोच.

४.३ सारांश

बिनोदबिहारींच्या आयुष्याचे दृष्टी असतानाचे आणि नसतानाचे असे दोन तुकडे पाडणे सोपे आहे. परंतु त्यांना पूर्ण दृष्टी कधीच नव्हती. जग तुकड्यातुकड्याने ग्रहण करणे, ते मनात जोडणे आणि हाताच्या मापाने भिंतीवर वा कागदावर उतरविणे ही रीत त्यांनी तरुणपणीच घडविली होती. दृष्टी गेल्यावर त्यांचे रंग, निसर्ग आणि कुंचल्याची गती हिरावली गेली, परंतु ही रीत टिकली. म्हणून ते अंध असूनही कलावंत होते, असे म्हणण्याऐवजी ते आधी अधू दृष्टीचे आणि नंतर अंध कलावंत होते, असे साधे विधान करावे. त्या विधानात दोन्ही गोष्टी एकमेकींशी न भांडता राहतात. चरित्रकाराच्या हाती असलेली ही एका शब्दाची जबाबदारी आपण आपल्या लेखनातही पाळावी.

४.४ शब्दार्थ

गिलावा – भिंतीला दिलेला चुना-वाळूचा लेप
परांची – उंचावर काम करण्यासाठी बांधलेला बांबू-लाकडांचा मचाण
पट्टचित्र – येथे, गुंडाळून ठेवता येणारे लांब आडवे चित्र
शिलामुद्रण – गुळगुळीत दगडावर रेखाटून त्याचे कागदावर ठसे घेण्याचे तंत्र
चिकटचित्र – कागदाचे वा अन्य वस्तूंचे तुकडे चिकटवून केलेले चित्र, कोलाज

४.५ स्वाध्याय

१. नंदलाल बोस यांची शंका आणि रवींद्रनाथांचा सल्ला यांतील दृष्टिकोनांचा फरक आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. ओल्या गिलाव्यावरील चित्रणाची पद्धत सांगून, बिनोदबिहारींच्या कामाच्या रीतीशी तिचा संबंध विशद करा.
३. साहाय्य घेणे आणि स्वातंत्र्य गमावणे या एकच गोष्टी आहेत काय? या घटकाच्या आधारे चर्चा करा.
४. आपल्या परिचयातील एखाद्या अपंग कलावंताविषयी किंवा कारागिराविषयी दोनशे शब्दांत लिहा. लेखनात 'असूनही' आणि 'तरीही' हे शब्द टाळा आणि त्यामुळे आपल्या मांडणीत कोणता बदल झाला, याची नोंद करा.